पाठीवर उघडणारं झबलं

६ जानेवारी

भिंगरी,

तू फोन उचलत नाहीस, आणि मेसेजवर मला भांडता येत नाही. एक वाक्य टाइप करून होईपर्यंत राग निवतो, मग त्यात मजा ती काय! म्हणून पत्र. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे घरी भलत्या कुणाच्या हाती लागायला नको. पाकिटावरचं माझं अक्षर बघून केराच्या टोपलीत टाकलं नसशील तर पुढे वाच.

आईने सांगितलं. 'ताईला इतक्यात सांगू नकोस' असं तू बजावलं होतंस, हेही तिने त्याच दमात सांगितलं. आईच्या पोटात गोष्ट राहते असं तुला अजून वाटतं, याचं मला हसू आलं. तिसरा महिना लागेल म्हणे आता. मला फार आनंद झाला, भिंगरी. तुला खरं वाटणार नाही, तरी लिहितेय. मी शाळेच्या गणवेशांना प्लेटा घालत होते. ऐकलं आणि मशीन थांबवून नुसती बसून राहिले. तुझे भाऊजी कात्री घेऊन आले, त्यांना वाटलं दोरा अडकला.

इकडे सगळं ठीक. दुकान तेच. बाबांचं मशीन खिडकीपाशी होतं तिथेच आहे, फक्त आता त्याला मोटर बसवलीय. आई वरच्या मजल्यावरून दिवसातून दहा वेळा खाली येते आणि गुडघे दुखतात म्हणून मला बोलते. तुझ्या भाऊजींनी मागच्या वर्षी नोकरी सोडली. काजं, बटणं आणि इस्त्री आता त्यांच्याकडे. इस्त्री माझ्यापेक्षा चांगली करतात, पण हे त्यांना कळू द्यायचं नाही.

आणि तुझा भाचा. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा दोन वर्षांचा होता, आता सहा पूर्ण झाली. आम्ही त्याला साहेब म्हणतो. का, तर स्वतः काडी हलवायची नाही आणि तीन माणसं सेवेला. साहेबांनी मान अजून धरलेली नाही, बसता येत नाही, बोलणं नाही. मध्यंतरी गिळणंही अवघड झालं, तेव्हापासून पोटाला नळी आहे, तिच्यातून खाणं जातं. दोन वर्षांपलीकडची आशा धरू नका असं पहिले डॉक्टर म्हणाले होते. साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. हल्ली त्यांची गादी माझ्या मशीनला लागून असते आणि पाय टेबलाला टेकवलेले असतात. मशीन चाललं की टेबल थरथरतं आणि साहेब खूश होतात.

ते पहिले डॉक्टर आता निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्यात. चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधतात. त्यांनी साहेबांचं रक्त कुठल्याशा मोठ्या तपासणीला पाठवलं, मग माझंही घेतलं, आणि माझ्या डोक्याचा फोटोही काढला. त्याबद्दल भेटलीस की बोलू.

एक काम मात्र कर. तुझ्या डॉक्टरांना भाच्याबद्दल सांगितलं आहेस का? नसशील तर सांग. 'जरा आजारी असतो' असं गुळमुळीत नको. नाव सांग, लिसेन्सेफली. जिभेला पीळ पडतो, पण सांग. आणि त्यांनी तुझं रक्त तपासायचं म्हटलं, तर माझ्यावरच्या रागापायी नाही म्हणू नकोस.

सोबत एक झबलं आहे. दुकानात मऊ पिवळं सुती कापड आलं होतं, एका दुपारी बसून शिवलं. हातशिलाई आहे, शिवणी टोचणार नाहीत. लहान वाटलं तर हस, बाळं त्याहून लहान असतात.

ताई


१९ जानेवारी

भिंगरी,

झबलं परत मिळालं. आत चिठ्ठी होती, 'ताई, इतका राग?' एवढीच.

खरं सांगते, मला काही कळेना. मी चिठ्ठी आईला दाखवली, आई म्हणाली, गरोदरपणात मन हळवं होतं. मी म्हटलं, हळवं झालं म्हणून झबलं परत पाठवतं का कुणी? मग मी तुझ्यावर चिडले. दिवसभर चिडून होते. एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची मापाच्या वर कापून बसले, ते प्रकरण वेगळंच निस्तरावं लागलं.

झबलं कापायच्या टेबलावर तसंच पडलं होतं. तुझे भाऊजी इस्त्रीचे कपडे ठेवायला आले, त्यांनी ते उचललं आणि म्हणाले, "साहेबांना हे फारच लहान होईल गं." असं म्हणून हसले, आणि मग हसायचे थांबले. मीही तेव्हाच पाहिलं.

पाठ वरपासून खालपर्यंत उघडी. पाच ठिकाणी नाड्या. बाह्या खांद्यापाशी सुट्या, कडक झालेला हात न वाकवता घालता यावा म्हणून. आणि पुढे पोटापाशी डाव्या बाजूला काजासारखी गोट मारलेली फट. नळीसाठी.

भिंगरी, गेली चार वर्षं शाळेचे गणवेश सोडले तर लहान मुलाचं काही मी दुसऱ्या कुणासाठी शिवलेलं नाही. लहान मुलाचं काही करायला घेतलं की हात असाच चालतो. मी पिवळं कापड अंथरलं, तुझ्या बाळाचा विचार करत होते, मनात गाणं होतं, आणि हातांनी साहेबांचा सदरा शिवला. फटीला गोट मारताना मी खूश होते, हे आठवून मला आता मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुला काय वाटलं असेल ते मला कळलं. तुझ्या बाळावर मी माझं दुखणं शिवून पाठवलं, असं वाटलं असेल. मी तसं कधीच करणार नाही. तुझ्यावर मला राग आहे, भरपूर आहे, पण तो तुझ्यावर. त्या जिवाचा त्यात काय संबंध?

आता पुढचं लिहायला माझा हात उचलत नाही. कारण झबल्यावरून तुला जे वाटलं, तेच पुढचं वाचूनही वाटेल. पण मी गप्प बसले तर ते जास्त वाईट.

तुझ्या लग्नाच्या आधी तू मला विचारलं होतंस, साहेबांना त्या दिवशी घरीच ठेवशील का, तिकडची माणसं विचारतील की तुमच्या घराण्यात काही आहे का. तेव्हा मी काय म्हणाले होते, आठवतंय? आपल्या रक्तात काही नाही, लिहून देऊ का? आणि मग मी लग्नालाच आले नाही.

तर आता लिहूनच देते. आहे.

साहेबांचा आजार माझ्याकडून आलाय. एका जनुकात बिघाड आहे. डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर काढून समजावलं. मूल पोटात असताना, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मेंदूच्या पेशी आत खोलवर तयार होतात आणि तिथून चालत वर पृष्ठभागापर्यंत जातात. सगळ्या नीट पोचल्या की वरचा थर वाढतो, कवटीत मावेनासा होतो आणि त्याला घड्या पडतात. मी म्हटलं, हे मला समजलं, भरपूर घेराचं कापड एवढ्याशा कमरेत बसवायचं तर प्लेटा घालाव्याच लागतात. साहेबांच्या पेशी वाटेतच थांबल्या. वर पोचल्याच नाहीत, म्हणून घड्या नाहीत. त्यांचा मेंदू गुळगुळीत आहे.

मी बाई असल्याने माझ्याकडे त्या जनुकाच्या दोन प्रती, एक बिघडलेली, एक चांगली. त्यामुळे माझ्या काही पेशी वर पोचल्या आणि काही मध्येच बसल्या. माझ्या फोटोत वरच्या थराखाली अजून एक थर दिसतो, अगदी अस्तर लावल्यासारखा. मी त्यांना विचारलं, मग मला काहीच कसं झालं नाही? त्यांनी विचारलं, लहानपणी कधी बोलता बोलता हरवायचात का? बाबा 'गेली आमची गाडी' म्हणायचे ते आठवतंय ना? फळ्याकडे बघत बसायची मी, बाईंनी पट्टी मारली तरी कळायचं नाही. त्या बारीक फिट होत्या म्हणे. आणि आम्ही सगळे समजत होतो मी मठ्ठ आहे.

मुलाकडे ती एकच प्रत असते. बिघडलेली आली, तर साहेब.

मी आईला विचारलं, आपल्याकडे आणखी कुणी होतं का. आई उठून स्वयंपाकघरात गेली, तिथे भांडी लावली, मग येऊन बसली. तुझ्या-माझ्या मध्ये एक भाऊ झाला होता, सहा महिन्यांचा होऊन गेला, एवढं आपल्याला माहीत होतं. छाती भरली होती असं ती सांगायची. परवा म्हणाली, "तोही असाच मऊ होता गं. मान धरायचाच नाही. मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही." तिने आजवर साहेबांना मांडीवर घेताना मान कशी धरायची हे कुणाला विचारलं नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

म्हणजे हे आईकडून आहे. आईकडून माझ्याकडे आलं. तुझ्याकडे आलं असेल किंवा नसेल, निम्मी शक्यता. आणि तुझ्याकडे असलं, तर बाळाकडे जायची पुन्हा निम्मी. तुझं रक्त दिलंस की कळेल. माझा रिपोर्ट सोबत आहे, तो तुझ्या डॉक्टरांना दाखव, म्हणजे नेमकं काय शोधायचं ते त्यांना लगेच समजेल. लवकर कर. पुढच्या तपासणीला ठरावीक दिवसच असतात.

मला शिव्या द्यायच्या असतील तर नंतर दे, मी इथेच आहे.

ताई


४ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र आलं. रक्त दिलंस, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या नवऱ्याने रजा घेऊन तुला नेलं, हे आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, मुलगा चांगला आहे, मी आधीच म्हटलं होतं. तिने आधी काय म्हटलं होतं ते तुलाही माहीत आहे, मलाही, पण जाऊ दे.

आता तुझा प्रश्न. 'ताई, तुला आधी कळलं असतं, तर साहेब असते का? आणि नसते असं असेल, तर तू मला तपास असं सांगतेस म्हणजे काय सांगतेस?'

तू लहानपणापासून अशीच आहेस. सगळी भांडणं सोडून नेमक्या शिवणीत सुई खुपसतेस.

मी हे पत्र दोनदा फाडलं. एकदा फार शहाण्यासारखं झालं होतं आणि एकदा नुसतं रडं. आता जसं येईल तसं लिहिते.

आधी वाईट ते सांगते, कारण मला भेटायला येणारे सगळे चांगलंच ऐकायला येतात. 'देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो' असं एक बाई परवा पडदे शिवायला टाकताना म्हणून गेल्या. मी त्यांचे पडदे एक आठवडा उशिरा दिले. साहेबांना फिट येते तेव्हा ओठ निळे पडतात. औषध नाकात सोडायचं आणि बघत राहायचं. दर वेळी मला वाटतं, ही शेवटची, आणि दर वेळी मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असंही येतं, की असली तर सुटेल बिचारा. असं येतं म्हणून मग मी दिवसभर स्वतःशी धड बोलत नाही. छातीत कफ साठतो, तो यंत्राने ओढून काढावा लागतो, तेव्हा तो रडतो, पण आवाज निघत नाही. आम्ही दोघं एकत्र कुठेही गेलेलो नाही. आम्ही गेल्यावर त्याचं कोण करणार हा विषय निघाला, की दोघांपैकी एकजण इस्त्री गरम झाली का बघायला उठतो. हे सगळं तुझ्या वाट्याला यावं असं मला वाटत नाही. कुणाच्याच नाही.

आता दुसरं. बाबांचं मशीन जुनं, जड. त्यावर पातळ कापड चालतं तेव्हा टेबल बारीक थरथरतं, आणि जाड कापडाची चौपदरी शिवण आली की ठक-ठक हादरे बसतात. पातळ कापडाला साहेब डोळे मिटून पडून राहतात. जाड कापड लागलं की तोंड उघडतं, जीभ बाहेर येते, आणि घशातून एक आवाज निघतो. तो हसण्याचा आवाज आहे. आधी मला वाटलं माझ्या मनाचे खेळ. मग तुझ्या भाऊजींनी मला न सांगता पातळ-जाड कापडं आलटून पालटून मशीनवर चालवून पाहिली. कधीच चुकत नाही. दर आठवड्याला मी गिऱ्हाइकांची जाड कामं साठवून ठेवते आणि एका संध्याकाळी एकदम काढते, म्हणजे साहेबांची करमणूक होते. गिऱ्हाइकांना वाटतं मी कामाला हळू झाले.

त्याला मी कळते का? कळते. मी उचलल्यावर त्याचा हात सैल सुटतो, तुझ्या भाऊजींनी उचललं तर मूठ तशीच राहते. यावरून आमची भांडणं होतात.

तर तुझा प्रश्न. सात वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं, की पोटातलं मूल असं होईल, तर बहुतेक मी नको म्हटलं असतं. भिंगरी, मी ते लिहिलं, आणि साहेब माझ्या शेजारी पडलेत, पाय टेबलाला लावून. ती जी मी होते, ती त्याला ओळखत नव्हती. तिच्यापुढे फक्त एक आजाराचं नाव असतं. तिने नको म्हटलं असतं तर मी तिला वाईट म्हणणार नाही. आणि आजच्या मला विचारशील, तर याच्या बदल्यात मला अख्ख्या जगातलं दुसरं कुठलंही मूल नको. ही दोन्ही उत्तरं माझीच आहेत. ती एकमेकींशी जुळत नाहीत, मी पुष्कळ जुळवून पाहिली.

तुला तपास म्हणाले, त्याचा अर्थ साहेबांसारखं नको असं नाही. नको म्हण असंही नाही, ठेव असंही नाही. मला कुणी काही न सांगता सगळं अंगावर आलं. तुला निदान कळून येऊ दे, एवढंच. यात मी साहेबांशी बेइमानी करतेय असं मला रोज वाटतं. पण तुला न सांगणं ही तुझ्याशी बेइमानी झाली असती, आणि साहेब मला माफ करतात हे मला ठाऊक आहे. तुझी खात्री नव्हती.

रिपोर्ट आला की कळव. फोन कर, मी भांडणार नाही.

ताई


२५ फेब्रुवारी

भिंगरी,

तू फोन केलाच नाहीस, नवऱ्याला घेऊन थेट दारात उभी राहिलीस. बरं केलंस. तुझ्या तोंडाकडे बघूनच मला रिपोर्ट कळला. आहे तर आहे. आईच्या कुशीतून आपण दोघींनी नाक सारखं घेतलं, हेही सारखंच घेतलं.

काल तू गेलीस आणि मला कितीतरी सांगायचं राहिलं.

तू आल्या आल्या म्हणालीस, "ताई, मला त्याच्याजवळ एकटीला बसू दे. तुम्ही सगळे बाहेर जा." मला ते अजिबात आवडलं नाही. दोन वर्षांचा असताना जिने त्याला चारचौघांत आणू नको म्हटलं, तिच्या हाती आता त्याला एकट्याला द्यायचं? मान कशी धरायची ते मी तुला तीनतीनदा दाखवलं, ते मुद्दाम वेळ काढत होते. मग आईने माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं.

बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही. आम्ही तिघं आणि तुझा नवरा कापायच्या टेबलाभोवती उभे. तुझ्या नवऱ्याने विचारलं, ही कात्री एवढी मोठी का असते. तुझ्या भाऊजींनी त्याला कात्र्यांबद्दल इतकी माहिती दिली, की एरवी मी त्यांना थांबवलं असतं. मी दाराला कान लावून होते. आत काहीच आवाज नव्हता. मग मशीन सुरू झालं.

आधी अडखळत. तुला मोटरचा अंदाज नव्हता, पाय जोरात पडला असणार. मग सलग. मी आवाजावरून ओळखलं, तू पातळ कापड लावलं होतंस. थोड्या वेळाने थांबलीस, काहीतरी शोधलंस, आणि मग ठक-ठक सुरू झालं. तू माझं पत्र नीट वाचलं होतंस. आणि त्यावर त्याचा तो आवाज आला. तुझ्या नवऱ्याने दचकून विचारलं, काय झालं? तुझे भाऊजी म्हणाले, "काही नाही. साहेब हसतायत." मग तो मान खाली घालून टेबलावरच्या टाचण्या एकेक करून डबीत भरत बसला. सगळ्या भरल्या. मला तो माणूस तेव्हा आवडला.

तू बाहेर आलीस तेव्हा डोळे लाल होते. नंतर मशीनवर पाहिलं तर जाड निळ्या तुकड्यावर तू टिपा घातल्या होत्या, एकीखाली एक. एकही सरळ नाही. बाबांनी तुला दुकानात का बसवलं नाही ते मला पुन्हा पटलं. तो तुकडा मी ठेवलाय.

निघताना तू म्हणालीस, आता बाळाची तपासणी, पोटातून पाणी काढणार, आणि मग वाट बघायची. आणि विचारलंस, रिपोर्ट वाईट आला आणि मी नको म्हटलं, तर तू माझ्याशी बोलशील का? तेव्हा मी तुझ्या पिशवीत डबा कोंबत राहिले. उत्तर आता देते. बोलेन. दवाखान्यात तुझ्याबरोबर येईन, बाहेर बाकावर बसेन, घरी आणेन. आणि ठेवायचं म्हणालीस, तर साहेबांचे सगळे सदरे उतरत्या मापात जपून ठेवलेत, मान धरायला तुला मी शिकवेन. दोन्हींपैकी काहीही झालं तरी साहेबांसमोर तुला मान खाली घालावी लागणार नाही. ते माझ्याकडे लागलं.

हे मी मोठ्या मनाने लिहितेय असं समजू नकोस. पहिलं झालं तर मला आत कुठेतरी लागेल, फार लागेल, आणि ते मी तुला दाखवणार नाही. दाखवलं, तर माझ्यावर ओरड.

ताई


२९ मार्च

भिंगरी,

काल मी फोन आईच्या हातात दिला आणि आत निघून गेले, म्हणून तुला वाटलं असेल मला वाईट वाटलं. आई मागून येऊन म्हणाली, ती रडतेय तिकडे, तू इकडे, आणि मी मध्ये फोन धरून उभी, काय ते एकदा ठरवा. म्हणून पत्र. कागदावर मला जास्त बरं बोलता येतं, असं दिसतंय.

तू सांगितलंस ते आधी मी माझ्यापुरतं लिहून बघते. मुलगी आहे. एरवी हे सांगत नाहीत, पण या आजारात सगळं त्यावरच अवलंबून, म्हणून सांगावं लागलं. आणि तिच्यातही ते आहे.

डॉक्टरांनी तुला हमी दिली नाही. देऊ नयेच. काहीच होणार नाही, फिट येतील, शाळेत मागे पडेल, यातलं काहीही होऊ शकतं आणि आत्ता सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. तू विचारलंस, कशासारखी होईल, अंदाजाने तरी सांगा. त्यांनी माझा रिपोर्ट पुढे ओढला आणि म्हणाल्या, कदाचित तुमच्या ताईंसारखी. आणि तू त्यांना म्हणालीस, "ताईसारखी झाली तर चालेल मला."

हे ऐकलं आणि मी फोन आईकडे दिला.

आयुष्यभर मला बावळट, हरवलेली, तंद्रीबाई म्हणाले लोक. दहावीला दोनदा बसले. बाबांनी मशीनवर बसवलं, ते दुसरं काही जमणार नाही म्हणूनच. माझ्यासारखं व्हावं असं कुणी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. तू म्हटलंस, तेही सगळं माहीत असताना, डोळ्यांनी पाहून. लग्नाचं ते सगळं मी कालच विसरले. अगदी पूर्ण नाही, पण भांडणात काढणार नाही.

मुलगा असता तर तू काय ठरवलं असतंस, ते मी विचारणार नाही. तूही सांगू नकोस. काल संध्याकाळी मी साहेबांच्या शेजारी बसले होते, तेव्हा ते माझ्या मनात आलं आणि बराच वेळ गेलं नाही. मी त्यांचा पाय हातात धरून बसले. मग मशीन लावलं.

पिवळं झबलं मी तेव्हा साहेबांच्या कपाटात ठेवून दिलं होतं. आज काढलं. पोटावरची फट बंद केली, आतून ठिगळ लावून, बाहेरून दिसत नाही. बाह्या खांद्याला जोडल्या. पाठीवरच्या नाड्या मात्र ठेवल्यात. उसवायला घेतल्या होत्या, तर आई म्हणाली, राहू दे, तान्ह्याला पाठीवरूनच घालायला सोपं, तुम्हा दोघींची झबली तशीच होती. या वेळी आधी तुझ्या भाऊजींना दाखवून, मग आईला दाखवून, मगच पाकिटात घातलंय.

एक सांगायचं आहे, ते डॉक्टर सांगणार नाहीत. ती मोठी होईल, आणि कधीतरी बोलता बोलता थांबेल. डोळे उघडे असतील, पण बघत नसेल. हातातला चमचा पडेल. तेव्हा घाबरू नकोस, आणि ओरडू तर मुळीच नकोस. तिला ओरडणं ऐकू येत नाही, पण परत आल्यावर सगळ्यांचे रागावलेले चेहरे दिसतात, आणि आपलं काय चुकलं ते कळत नाही. त्याचा फार त्रास होतो. डॉक्टरांना सांग, औषध दे, ते सगळं करच. पण त्या वेळी फक्त तिच्या पाठीवर हात ठेव आणि थांब. ती परत येते. आल्यावर पाठीवरचा हात तिला सगळ्यात आधी कळतो.

हे मला कसं माहीत, विचारशील. शाळेच्या रस्त्यावर मी अशी मध्येच उभी राहायचे, आणि तू, एवढीशी, दप्तर खाली ठेवून माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहायचीस. घरी कधी सांगितलं नाहीस. तुला ते कुणी शिकवलं नव्हतं.

ताई